विश्लेषण : मोबाइलच्या पडद्यावर सूत्र मोडते, तेव्हा हप्ता चुकतो

काही महिन्यांपूर्वी आमच्या डिजिटल डेस्कने गृहकर्जाच्या हप्त्यावर एक लेख केला. लिहिला मीच होता. बँकेचे अॅप हप्ता किती ते सांगते, पण तो आकडा आला कुठून हे सांगत नाही. म्हणून सूत्र द्यावे आणि एक उदाहरण सोडवून दाखवावे, असा साधा विचार होता. दहा लाखांचे कर्ज, वार्षिक ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. लेख दुपारी गेला आणि संध्याकाळी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला.

"अहो, तुमच्या सूत्राने मी हिशेब करून बघितला. महिन्याला पंचेचाळीस हजार एकोणसत्तर रुपये येतायत. असा हप्ता भरणारा माणूस दोन वर्षांत मोकळा व्हायचा! आणि खाली उदाहरणात तुम्ही आठ हजार नऊशे सत्त्याण्णव लिहिलंय. मग खरं काय धरायचं?"

मी लॅपटॉपवर लेख उघडला. सूत्र बरोबर होते. माझ्या फोनवर पाहिले, तिथेही बरोबर. गुरुजींनाच म्हटले, "सर, तुम्हाला नेमकं काय दिसतंय ते वाचून दाखवता का?" त्यांनी वाचले : हप्ता बरोबर मुद्दल गुणिले र गुणिले कंसात एक अधिक र, त्याचा न वा घात. पुढे? "पुढे काही नाही. संपलं."

पुढे भागाकार होता. सूत्राचा अर्धा भाग.

नेमके काय झाले?

सूत्र असे आहे. र म्हणजे मासिक व्याजदर (९ टक्क्यांचा बारावा भाग, म्हणजे ०.००७५) आणि न म्हणजे एकूण हप्ते (२० वर्षांचे २४०). मुद्दल गुणिले र, गुणिले (१ + र) चा न वा घात. या सगळ्याला भागायचे (१ + र) चा न वा घात वजा १ ने. मी ते एका ओळीत, भागाकाराचे चिन्ह वापरून लिहिले होते. आमच्या प्रणालीत सूत्रासाठी एक चौकट आहे. ओळ मावली नाही तर ती चौकट बोटाने डावीकडे सरकवता येते. लॅपटॉपवर सरकवण्याची पट्टी दिसते. फोनवर ती पट्टी बोट लावेपर्यंत लपलेली असते. गुरुजींच्या फोनवर ओळ नेमकी भागाकाराच्या चिन्हाआधी संपली. एखादे अक्षर अर्धे कापले गेले असते तर काहीतरी राहिले आहे अशी शंका आली असती. इथे काप इतका स्वच्छ बसला की सूत्र पूर्णच वाटत होते.

ही झाली पहिली चूक. दुसरी जास्त वाईट आहे.

घाईघाईत सहकाऱ्याने चौकट काढून टाकली आणि सूत्र वर्डच्या फाइलमधून उचलून साध्या परिच्छेदात चिकटवले. आता ओळ आपोआप दुमडत होती, काहीच कापले जात नव्हते. आम्ही हुश्श केले. पण चिकटवताना घात खाली उतरला. वर बसलेला लहान न साध्या ओळीत येऊन (१ + र)न असा उभा राहिला. बीजगणितात असे लिहिले की त्याचा अर्थ गुणाकार. म्हणजे १.००७५ चा २४० वा घात, जो साधारण ६.००९ येतो, त्याच्या जागी १.००७५ गुणिले २४०, म्हणजे २४१.८. या सूत्राने हप्ता येतो ७,५३१ रुपये.

४५,०६९ हा आकडा पाहताच माणूस फोन उचलतो. ७,५३१ पाहून कोणी उचलत नाही, कारण तो खरा वाटतो, खऱ्यापेक्षा थोडा सुखदच वाटतो. पण पहिल्या महिन्याचे नुसते व्याज ७,५०० रुपये होते. ७,५३१ च्या हप्त्यात मुद्दलात जमा होतात ३१ रुपये. या गतीने ते कर्ज फिटायला ६१ वर्षे लागतील. हे सूत्र आमच्या संकेतस्थळावर अकरा दिवस होते. कोणाचाही फोन आला नाही. मलाच ते दुसऱ्या बातमीसाठी पुन्हा वापरायचे होते म्हणून सापडले.

पडदा अरुंद आहे, एवढेच कारण आहे का?

'मोबाइलचा स्क्रीन लहान, काय करणार' हे उत्तर आमच्या डेस्कवरही लगेच आले. मला ते पटत नाही. साडेसहा इंची फोनची पडद्याची रुंदी साधारण पावणेसात सेंटीमीटर असते. आपल्या छापील दैनिकाच्या आठ स्तंभी पानावर एक स्तंभ चार सेंटीमीटरच्या आसपास असतो. म्हणजे वर्तमानपत्राने कितीतरी अधिक अरुंद जागेत पिढ्यान्पिढ्या मजकूर बसवला आहे. फरक असा, की छापील पान छपाईला जाण्याआधी कोणीतरी माणूस ते डोळ्यांनी बघतो. ओळ फुटली तर पानावर बसलेला ऑपरेटर ती सांधतो. मोबाइलवर लेख शेवटी कसा दिसणार हे पाहणारा कोणीच नसतो. प्रत्येक फोन वेगळा आणि अक्षराचा आकार प्रत्येकाने आपल्या डोळ्यांप्रमाणे वाढवलेला. माझ्या फोनवर सूत्र पूर्ण दिसत होते ते एवढ्याचसाठी, की मी चष्मा लावतो आणि अक्षर लहान ठेवतो. गुरुजींनी ते मोठे केले होते. त्यांच्या वयाचा जवळजवळ प्रत्येक वाचक ते करतो.

वेबची मोजदाद थोडी वेगळी असते. ब्राउझर पडद्याला काही 'सीएसएस पिक्सेल' रुंद मानतो. खरे ठिपके याच्या कितीतरी पट असतात, पण मांडणी या हिशेबाने होते. अनेक अँड्रॉइड फोन ३६० पिक्सेल रुंद धरले जातात. दोन्ही कडांना १६-१६ सोडले की हाती उरतात ३२८. नेहमीच्या १६ पिक्सेलच्या देवनागरी अक्षरात एका ओळीत तीसेक अक्षरे बसतात आणि आपले शब्द लांब. 'विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा' हा एकच शब्द पाऊण ओळ खाऊ शकतो. वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २०१८ च्या २.१ या आवृत्तीत एक अट आहे : मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत आडवे सरकवायला न लावता वाचता आला पाहिजे. नकाशे, आकृत्या, तक्ते यांसारख्या, दोन्ही दिशांना पसरल्याशिवाय ज्यांना अर्थच राहत नाही अशा गोष्टींना सूट आहे. अडचण नेमकी इथे आहे. सूत्र हा मजकूर की आकृती? बहुतेक विकासक त्याला आकृती मानून सूट घेतात. माझ्या मते कर्जाच्या हप्त्याचे सूत्र हा मजकूर आहे.

समास सोडला की अर्थ बदलतो

सूत्राच्या आधी एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल, कारण रोजच्या वाचनात तिचा त्रास जास्त आहे. ओळ डावीकडून आत ढकलणे. शाळेत आपण 'समास सोडणे' म्हणायचो. नियम, पोटनियम, खंड, उपखंड, कविता, उतारा, संगणकाचा कोड, सगळे आत ढकललेल्या ओळींवर चालते.

ब्राउझरला काही सांगितले नाही, तर तो यादीच्या प्रत्येक पातळीला डावीकडून ४० पिक्सेल आत ढकलतो. लॅपटॉपवर हे शोभून दिसते. फोनवर यादीत यादी, तिच्यात आणखी एक यादी आली की १२० पिक्सेल गेले. ३२८ मधले उरले २०८, म्हणजे ओळीला दोन-तीन शब्द. उताऱ्यासाठी जी खूण आहे ती तर दोन्ही बाजूंनी चाळीस-चाळीस खाते. मग कोणीतरी वैतागून सगळे समास शून्य करून टाकतो. व्हॉट्सअॅपवर नियमावली फिरते तेव्हा हेच झालेले असते. सगळ्या ओळी एका रेषेत, कोण कोणाच्या पोटात ते कळायला मार्ग नाही.

ही नुसती दिसण्याची बाब असती तर मी एवढे लिहिले नसते. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ८(१) घ्या. कोणती माहिती नाकारता येते, याचे दहा खंड त्यात होते. दहावा खंड वैयक्तिक माहितीचा. त्यानंतर एक परंतुक येते : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा अर्थाचे. आता हे परंतुक फक्त दहाव्या खंडाचे, की दहाही खंडांचे? पहिले असेल तर त्याची व्याप्ती छोटी. दुसरे असेल तर ते नागरिकाच्या हातातले मोठेच हत्यार. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ च्या एका निकालात ते दहाव्या खंडापुरतेच लागू असल्याचे म्हटले. माहिती अधिकाराच्या चळवळीत यावर बरीच वर्षे वाद होत राहिला. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने दहाव्या खंडाची शब्दरचनाच बदलायची तरतूद केली, तो वेगळा विषय. न्यायालय अर्थातच समास पट्टीने मोजून निर्णय देत नाही. पण कायद्याच्या मसुद्यात एखादे वाक्य शेवटच्या खंडाच्या पोटात आहे की सगळ्या खंडांच्या बाहेर, हे वाचणाऱ्याला सर्वांत आधी सांगतो तो समास. फोनवर समास सपाट केला, की असा काही प्रश्न असू शकतो हेच वाचकाच्या लक्षात येत नाही. तो परंतुकाला शेवटच्या खंडाचे शेपूट समजून पुढे जातो.

शासकीय योजनांच्या अटींचे तेच. समजा अट ४ च्या खाली (अ), (आ), (इ) आहेत आणि त्यानंतर एकच ओळ : 'असल्यास अर्ज बाद समजण्यात येईल.' ती तिन्हींना लागू आहे. सपाट केलेल्या मजकुरात ती फक्त (इ) ला लागू वाटते. (अ) मध्ये बसणारी बाई निश्चिंतपणे अर्ज भरते, दिवस मोडून तालुक्याला जाते आणि खिडकीवर कळते की अर्ज बाद.

यावर आमच्या डेस्कवर आता जे करतो ते फार मोठे नाही. ढकलायचे, पण ४० ऐवजी १४ पिक्सेल, आणि डावीकडे एक बारीक उभी रेघ, म्हणजे पोटात काय आहे ते रेघेवरून कळते. दोनपेक्षा जास्त पातळ्या फोनवर न्यायच्याच नाहीत. तिसरी पातळी आली की ढकलण्याऐवजी पूर्ण पत्ता लिहायचा. नुसते (आ) न लिहिता ४(२)(आ). वकील मंडळी बोलताना तसेच बोलतात, 'आठ एक जे'. त्यांना समास लागत नाही, कारण पत्ता तोंडात असतो. आणि सगळ्या खंडांना लागू असलेली ओळ आली की तिच्या आधी थोडी जास्त मोकळी जागा सोडायची. मूळ राजपत्रात काय आहे ते पाहूनच, हे सांगायला नको. तिथे संदिग्धता असेल तर ती तशीच ठेवायची. मांडणी करणाऱ्याने निकाल द्यायचा नाही.

कवितेचा त्रास वेगळ्या जातीचा. ओवीचा किंवा मुक्तछंदाचा लांब चरण फोनवर दुमडतो आणि दुमडलेला तुकडा नव्या चरणासारखा दिसतो. चार चरणांची ओवी सहा-सात ओळींची होते. इथे उलटा समास लागतो : पहिली ओळ कडेला, दुमडलेला भाग थोडा आत. सीएसएसमध्ये दोन ओळींचे काम आहे, तरी दिवाळी अंकांच्या डिजिटल आवृत्त्यांत ते क्वचित दिसते.

पायथन शिकणाऱ्या मुलांना तर हे सांगायलाच नको. त्या भाषेत आत ढकललेली ओळ म्हणजेच व्याकरण. चार जागा कमी पडल्या तर प्रोग्राम चालत नाही, किंवा चालतो आणि भलतेच करतो. कोड दुमडू नये, तो आडवा सरकू द्यावा, हे माझे मत आहे. फक्त सरकतो हे दिसले पाहिजे. उजव्या कडेला फिकट सावली द्या, शेवटचे अक्षर मुद्दाम अर्धे कापलेले दिसू द्या. गुरुजींच्या फोनवर तेवढे असते तरी मला हा लेख लिहावा लागला नसता.

सूत्र कुठे मोडावे?

गणित छापणे पूर्वीपासूनच कटकटीचे आहे. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना १९७७ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. त्यातली जुळणी त्यांना इतकी खटकली, की त्यांनी स्वतःच गणित छापण्याची प्रणाली लिहायला घेतली. तीच टेक. इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी आम्ही ज्या लाटेक्सशी झगडायचो, ते तिच्यावरच उभे आहे. नूथ यांनी सूत्र मोडण्याचे छापखान्यातले संकेत नियमात बांधले. परिच्छेदाच्या ओघात सूत्र आले तर अधिक, वजा, बरोबर या चिन्हांनंतर ओळ तोडायची. स्वतंत्र ओळीवर मोठे सूत्र असेल तर चिन्हाच्या आधी तोडायची, म्हणजे नवी ओळ चिन्हाने सुरू होते आणि 'मी वरच्या ओळीचा पुढचा भाग आहे' हे पहिल्या नजरेत कळते. रशियन पुस्तकांत तर चिन्ह दोन्हीकडे छापतात, वरच्या ओळीच्या शेवटी आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीलाही. आपल्याला ते विचित्र वाटते, पण चूक होण्याची शक्यता त्यात सर्वांत कमी.

एवढे सगळे माहीत असताना वेबवर ते आले नाही. वेबवर गणित लिहिण्याची मॅथएमएल ही भाषा १९९८ मध्येच प्रमाण म्हणून मान्य झाली. फायरफॉक्सने ती बरीच आधी घेतली. जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रोमने २०१३ मध्ये एका आवृत्तीत घेतली, लगेच पुढच्या आवृत्तीत काढली आणि पुन्हा आणली ती जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे ब्राउझरला अपूर्णांक लिहायला शिकवण्यात गेली. आणि आता जे रूप सगळ्या ब्राउझरांत चालते, त्यात लांब सूत्र आपोआप दुमडण्याची सोय नाही. सगळ्यांत प्रचलित असलेल्या मॅथजॅक्स या साधनाच्या दुसऱ्या आवृत्तीत ती सोय होती, तिसरीत गेली, चौथीत परत आली. या सगळ्या काळात फोन हाच आपल्याकडचा मुख्य संगणक झाला होता.

देवनागरीचे आणखी एक दुखणे. या साधनांच्या स्वतःच्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नसतात, मग ब्राउझर ती दुसरीकडून उचलतो आणि उंचीचा मेळ बसत नाही. साध्या मजकुरात तर वर बसणारे इंग्रजी आकडे आणि काही रोमन अक्षरे युनिकोडमध्ये आहेत, पण घातासाठी वर बसणारा आपला न नाही. त्यामुळे मराठीत लिहिलेला घात नकल-डकव करताना उतरणारच. भौतिकशास्त्राच्या नोट्समध्ये याचे एक झकास उदाहरण मिळते. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ गुणिले १० चा आठवा घात इतके मीटर. घात उतरला की राहते ३ × १०८. आपल्याकडे १०८ म्हणजे जपमाळेचे मणी किंवा रुग्णवाहिका, त्यामुळे तो आकडा डोळ्याला खटकतही नाही. गुणाकार करून पाहा : ३२४ मीटर. हवेत आवाज यापेक्षा वेगाने जातो. म्हणजे वीज आधी गडगडेल आणि मग चमकेल.

मग काही जण सोपा मार्ग काढतात, सूत्राचे चित्र करून टाकतात. मोडण्याचा प्रश्नच नाही. पण अक्षर मोठे केले तरी चित्रातले अक्षर मोठे होत नाही. दृष्टिहीन वाचकाचे वाचन-सॉफ्टवेअर तिथे 'चित्र' एवढेच म्हणते. पारदर्शक चित्र आणि रात्रीचा काळा पडदा एकत्र आले, तर काळ्यावर काळे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात ही मोठीच सोय आहे, पण पीडीएफचे पानही एका अर्थाने चित्रच. सूत्र शाबूत राहते, मात्र फोनवर दोन बोटांनी पान ताणायचे, उजवीकडे न्यायचे, परत डावीकडे आणायचे. एका उदाहरणाला हे वीस वेळा करणारे मूल गणितात मागे पडले, तर दोष गणिताचा नसतो. तुम्ही हा लेख ई-पेपरमध्ये पानावरच वाचत असाल, तर त्याचा अनुभव याक्षणी घेत असाल.

मग उपाय काय?

मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय तंत्रज्ञानातला नाही, नववीच्या वर्गातला आहे. सूत्राच्या तुकड्यांना नावे द्या. हप्त्याच्या सूत्रात (१ + र) चा न वा घात दोनदा येतो. त्याला एकदाच ग म्हणा. मग :

ग = (१ + र) चा न वा घात
पहिल्या महिन्याचे व्याज = मुद्दल × र
हप्ता = व्याज × ग ÷ (ग − १)

तीन ओळी. प्रत्येक ओळ ३२० पिक्सेलमध्ये बसते, अक्षर दीडपट केले तरी फारसे बिघडत नाही. घात शब्दांत लिहिला आहे, त्यामुळे तो कुठेही चिकटवला तरी उतरत नाही. आणि गंमत म्हणजे सूत्र जास्त कळते. आकडे घाला : ग येतो ६.००९१५. पहिल्या महिन्याचे व्याज ७,५००. सात हजार पाचशेला ६.००९१५ ने गुणा आणि ५.००९१५ ने भागा. म्हणजे हप्ता हा पहिल्या महिन्याच्या व्याजापेक्षा थोडा जास्त असतो आणि तो 'थोडा' ग वरून ठरतो. मुदत वाढवली की ग वाढतो, भागाकार एकाच्या जवळ येतो, हप्ता व्याजाला चिकटतो आणि मुद्दल हलत नाही. तीस वर्षांचे कर्ज महाग का पडते, ते इथे दिसते. एका लांब ओळीतले सूत्र हे कधीच सांगत नव्हते, लॅपटॉपवरसुद्धा.

आपल्याकडे हे नवे नाही. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची. तिच्यातले नियम श्लोकांत आहेत. श्लोक पाठ करायचा असतो, कागदाच्या रुंदीशी त्याचे काही अडत नाही. आमच्या घरात आईची पिढी 'अ अधिक ब कंसाचा वर्ग बरोबर अ वर्ग अधिक दोन अ ब अधिक ब वर्ग' असे एका दमात म्हणते. मी सेमी-इंग्रजीतला, माझ्या तोंडी ए आणि बी. पण तिचे सूत्र कुठल्याही पडद्यावर मावते. तोंडाने म्हणता येईल असे सूत्र लिहिणे, ही आता डेस्कवरची माझी कसोटी आहे. लिहून झाले की सहकाऱ्याला फोनवरून वाचून दाखवायचे आणि त्याने ते न बघता कागदावर उतरवायचे. त्याचे आणि माझे जुळले तरच लेख जातो. वेळ लागतो. डेस्कवर हे सगळ्यांना आवडते असे नाही.

सगळी सूत्रे अशी फोडता येत नाहीत, हे मान्य. मोठा तक्ता, आव्यूह, रसायनातली लांब समीकरणे यांना आडवे सरकणे लागतेच. तिथे सरकण्याची खूण द्यावी आणि पुढे जावे. 'फोन आडवा धरा' ही सूचना मात्र द्यायची नाही असे आम्ही ठरवले आहे. अनेकांच्या फोनवर पडदा फिरणे बंद करून ठेवलेले असते आणि ते सुरू कसे करायचे हे विचारायला घरातले पोर शोधावे लागते.

एक आक्षेप माझ्याच वरिष्ठांचा आहे. ते म्हणाले, "अरे, सूत्र द्यायचंच कशाला? कॅल्क्युलेटरची लिंक दे. वाचकाला उत्तर हवं असतं." त्यांचे खरे असेल, बहुतेक वाचकांना उत्तरच हवे असते. पण कॅल्क्युलेटर ज्याचा, उत्तर त्याचे. त्यात प्रक्रिया शुल्क धरले की नाही, व्याज मासिक शिलकेवर की वार्षिक, हे तो सांगेलच असे नाही. सूत्र हातात असलेला माणूस बँकेच्या कागदावरचा आकडा स्वतः पडताळू शकतो. त्या संध्याकाळी आमची चूक पकडली गेली, ती एका वाचकाने सूत्र घेऊन आकडेमोड केली म्हणून. सूत्राऐवजी लिंक दिली असती तर फोन आला नसता, हे खरे आहे. ते माझ्या बाजूचे कारण आहे की वरिष्ठांच्या, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

लेखात आम्ही दुरुस्ती टाकली. वर तारखेसह लिहिले, की आधी सूत्र अपूर्ण आणि नंतर चुकीचे दिसत होते. मग गुरुजींना लिंक पाठवली आणि तीन ओळींचे सूत्र त्यांच्या फोनवर पूर्ण दिसते का, ते कळवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"दिसतंय. पूर्ण दिसतंय. केला मी हिशेब. आठ हजार नऊशे सत्त्याण्णव रुपये सव्वीस पैसे. ते सव्वीस पैसे तुम्ही सोडलेत. दोनशे चाळीस हप्त्यांचे किती होतात, बघितलंत का?"

बासष्ट रुपये चाळीस पैसे. मी लेखात तेही घातले.